उरलेला एकच ई

“हा तुमचाच ना?”

भाचीने मान वर केली. दुकानाच्या दारात एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. एका हातात पत्र्याचं वीतभर अक्षर, दुसऱ्या हाताने कपाळावर दाबून धरलेला रुमाल.

“आमचाच दिसतोय,” ती म्हणाली. “पण हा डब्ल्यू कुठल्या पाटीचा?”

“डब्ल्यू नाहीये. एम आहे.”

“मग उलटा धरलाय तुम्ही.”

त्याने अक्षराकडे पाहिलं, ते फिरवलं, पुन्हा पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला. भाचीने ते त्याच्या हातातून घेतलं आणि पाठ वर करून दाखवली. “हे टिंब दिसतंय? टिंब असेल ती बाजू वर. मामा एम आणि डब्ल्यू एकाच साच्यातून काढतात, म्हणून ओळखायला सगळ्याच अक्षरांना हे टिंब मारतात.”

“माझ्या डोक्यावर पडला तेव्हा टिंब कुठे होतं ते बघायचं राहिलं.”

“डोक्यावर?”

“वाचनालयाचा नवीन ग्रंथपाल मी. आजच आलो. कुलूप उघडत होतो, वारा सुटला आणि... हा आला. आता वर नुसतं ‘रीडिंग रू’ उरलंय.”

भाची हसू नये म्हणून कसोशीने मशीनकडे बघत राहिली. पण ‘रीडिंग रू’ तिला आवरेना. ती खुदकन हसली, आणि मग तोही हसला, रुमाल कपाळावर तसाच धरून. रुमालाखाली चांगलं लिंबाएवढं टेंगूळ होतं.

आता, डोक्यावर अक्षर पडलं म्हणून काही कुणी प्रेमात पडत नाही. आपली भाची तर मुळीच पडणाऱ्यातली नव्हती. तिला तिच्या नावाने हाक मारणारं त्या गल्लीत कुणी उरलं नव्हतं. मामांच्या दुकानात बसते म्हणून गिऱ्हाइकांपासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला ‘भाची’च म्हणायचे. कॉलेजसाठी म्हणून मामा-मामींकडे राहायला आली होती ती. शिकता शिकता मामांच्या मशीनवर हात बसला आणि ती तिथेच रमली. मामा तीस वर्षं पाट्यांची अक्षरं कापत होते. दवाखान्यांची, शाळांची, बँकांची, शिंप्यांची. पण आता लोक प्लॅस्टिकवर छापलेल्या पाट्या लावायला लागले होते, मामांचं मनगटही दुखायला लागलं होतं. दोन महिन्यांनी दुकान बंद करायचं असं त्यांनी ठरवलं होतं. भाचीला लांबच्या शहरात नोकरी मिळाली होती. दिव्यांची मोठाली अक्षरं बनवणारा कारखाना होता तो. तिथे अक्षरं आधी कॉम्प्युटरवर काढायची होती, आणि ते शिकायची तिला फार हौस होती. सगळं कसं जागच्या जागी होतं. आणि नेमका तेव्हाच हा एम पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिडी घेऊन वाचनालयावर गेली. शिडी धरायला ग्रंथपाल स्वतः खाली उभा राहिला. भाचीची कामाची एक पद्धत होती. स्क्रू खिशात ठेवले तर शोधत बसावे लागतात, म्हणून ती ते ओठांत धरायची. चार स्क्रू ओठांत, पेचकस हातात. या पद्धतीत एकच अडचण होती. काम चालू असताना बोलता यायचं नाही.

“तुम्ही रोज चढता का हो एवढ्या उंचावर?”

“हं.”

“भीती नाही वाटत?”

“उंहूं.”

“मला खाली उभं राहूनच वाटतेय. म्हणजे तुमच्यासाठी नाही. या एमची वाटतेय.”

वर शिडी हलली. भाची हसत होती, आणि तोंडात चार स्क्रू असताना हसणं हे धोक्याचं काम आहे.

त्या हसण्याच्या नादात ती पेचकस वाचनालयातच विसरली. तो परत द्यायला ग्रंथपाल संध्याकाळी दुकानात आला. पेचकस द्यायला किती वेळ लागतो? अर्धं मिनिट. तो तासभर बसला. त्याला कारण कोपऱ्यातले चार लाकडी खोके. काठोकाठ अक्षरांनी भरलेले.

“ही कसली?”

“उरलेली. बंद पडलेल्या दुकानांची, माप चुकलेली, गिऱ्हाइकाने न नेलेली. दुकान बंद झालं की भंगारात जाणार.” तिने हे सहज म्हणून टाकलं, पण त्यातली कितीतरी ती पहिल्यांदा मशीनवर बसली तेव्हा तिनेच कापलेली होती. वाकड्या कडांची, पण तिची.

ग्रंथपालाने खोक्यात हात घातला आणि न बघता तीन अक्षरं काढली. क्यू, एफ, टी. ती टेबलावर ओळीने मांडली आणि एकदम गप्प झाला. डोळे छताकडे. भाचीला वाटलं, टेंगूळ दुखतंय.

“डिसक्वालिफिकेशन,” तो हळूच म्हणाला, आणि बोटांवर मोजायला लागला. “सोळा.”

“काय झालं तुम्हाला?”

“खेळ आहे हो. मी आणि माझी आत्या लहानपणापासून खेळतो. समोरच्या गाडीच्या नंबरावरची तीन अक्षरं घ्यायची आणि ती त्याच क्रमाने ज्यात येतात असा इंग्रजीतला लांबात लांब शब्द शोधायचा. मधे कितीही अक्षरं आलेली चालतात. हरेल त्याने पिशवी उचलायची.”

“आणि छोटा शब्द सापडला तर?”

“चार अक्षरांच्या खालचा शब्द आत्या शब्दच मानत नाही. तिकडे बघायचंसुद्धा नाही, असा नियम.” तो हसला. “वीस वर्षांत मी बघितलेलं नाही.”

हे वाक्य भाचीने तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचा बराच मनस्ताप वाचला असता. पण तिचं लक्ष त्याच्या बोटांकडे होतं. मोजताना तो प्रत्येक अक्षराला बोटाचं पेर असं अलगद दाबायचा, जणू त्या अक्षराला लागेल.

“मला इंग्रजी फारसं येत नाही,” ती म्हणाली. “स्पेलिंग येतं.”

“म्हणजे?”

“जे शब्द कापलेत ते हाताला पाठ आहेत. काढा तीन अक्षरं.”

एच, डी, टी निघाले. तो छताकडे बघून म्हणाला, “हँडिक्राफ्ट. दहा.”

भाचीने डोळे मिटले. तिचा उजवा हात हवेत हलला, एकेक वळण कापत. “ऑर्थोडॉन्टिस्ट. बारा. दातांच्या डॉक्टरांची पाटी. दोनदा कापलीये, पहिल्या वेळी मी एच विसरले होते.”

ग्रंथपाल तिच्याकडे बघतच राहिला. मग मुकाट्याने उठला आणि तिची पिशवी उचलून दारापर्यंत घेऊन गेला. हरेल त्याने उचलायची, असा नियमच होता.

वाचनालयात एक लांबलचक भिंत होती. कोरी. ग्रंथपालाच्या डोक्यात तीच भिंत घोळायला लागली. दर शनिवारी दाराबाहेरच्या तीन लोखंडी आकड्यांवर तीन अक्षरं टांगायची. वाचकांनी चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचा शब्द सगळ्यांत लांब, त्याचा शब्द खोक्यातल्या अक्षरांनी भिंतीवर लावायचा. भंगारात काही जायला नको.

मामांनी कुरकुर केली. “भिंत तुमची, अक्षरं माझी, आणि शिडीवर भाची माझी! तुमचं काय त्यात?”

“मी शिडी धरेन,” ग्रंथपाल म्हणाला.

“मोठं काम!” मामा म्हणाले. पण खोके त्यांनी स्वतःच हातगाडीवर चढवले.

एकच घोळ झाला. भाचीने सगळी अक्षरं मोजली तेव्हा क्यू नऊ निघाले, झेड अकरा, एक्स तर विचारू नका. आणि ई फक्त एक. इंग्रजी पाट्यांना ई इतका लागतो की सुटा राहिलेला ई लगेच दुसऱ्या पाटीवर जायचा. आणि नवा कापावा तर पत्रा शेवटच्या ऑर्डरीपुरताच उरला होता.

“एकच ई!” ग्रंथपालाच्या तोंडचं पाणी पळालं. “अहो, ई नसलेले लांब शब्द म्हणजे... मीठ न घालता स्वयंपाक.”

“करून बघा,” भाची म्हणाली. “आणि तो एक ई राहू दे माझ्याकडे. वेळ येईल तेव्हा काढू.”

भिंत भरायला लागली. डिसक्वालिफिकेशन लागलं, ऑर्थोडॉन्टिस्ट लागलं, स्ट्रेटफॉरवर्ड लागलं. शाळेतल्या मुलींनी काँग्रॅच्युलेशन्स शोधलं, तेव्हा तर टाळ्या पडल्या. ज्या वाचनालयात पेपर चाळायला येणारे चष्मेवाले आजोबा सोडले तर चिटपाखरू नसायचं, तिथे शनिवारी सकाळी दाराबाहेर माणसं वर बघत उभी राहायला लागली. आजोबांना मात्र या खेळाचं कौतुक नव्हतं. “सरळ अक्षरं वाचावी, तर हे त्यांच्यामधे अजून अक्षरं कोंबतात,” असं म्हणून ते पुन्हा पेपरात डोकं घालायचे.

आणि दर शनिवारी दुपारी भाची शिडीवर, ग्रंथपाल खाली. ती स्क्रू ओठांत धरायची, तो बोलत राहायचा. आत्याबद्दल, पुस्तकांबद्दल, लहानपणी अंधाराला घाबरून लांब लांब स्पेलिंगं म्हणत झोपायचा त्याबद्दल. ती ‘हं’ आणि ‘उंहूं’ म्हणायची. पण हळूहळू तिचं एक ‘हं’ दुसऱ्यासारखं राहिलं नाही. एक ‘हं’ म्हणजे पुढे सांग, एक ‘हं’ म्हणजे खोटं बोलतोयस, आणि एक ‘हं’ असं की त्यानंतर तो पुढचं वाक्यच विसरायचा. शिडी धरलेल्या त्याच्या बोटांना उतरताना तिचा पाय लागला की तो हात काढायचा नाही, आणि ती पाय जरा सावकाश उचलायची.

भाचीला तो आवडायला लागला होता. यात आडपडदा ठेवण्यासारखं काही नाही. सकाळी मशीन पुसताना तिला त्याचा आवाज आठवायचा, आणि आठवला की पुसलेली जागा ती पुन्हा पुसायची.

“हल्ली शनिवारी वेणी दोनदा घातली जाते,” मामी चहा गाळता गाळता म्हणाली. “शिडीला आवडते वाटतं?”

“मामी!”

“मी शिडीबद्दलच बोलतेय हो.”

फक्त तारीख जवळ येत होती. शेवटच्या शनिवारी दुपारी चारच्या बसचं तिकीट भाचीच्या पर्समध्ये होतं. सोमवारी कारखान्यात हजर व्हायचं होतं. ग्रंथपालाला हे ठाऊक होतं. तो त्याबद्दल कधी चकार शब्द काढायचा नाही, आणि भाचीला त्याचाच राग यायचा. सोळा सोळा अक्षरांचे शब्द शोधतो हा माणूस, आणि दोन साधे शब्द याला सापडू नयेत?

शेवटच्या आठवड्यातला गुरुवार. दुकानात मामांची शेवटची ऑर्डर चालली होती, एका दवाखान्याची पाटी. भाची पाटी भिंतीला टेकवून अक्षरं बसवत होती. चार स्क्रू ओठांत. ग्रंथपाल आत आला, तिच्या शेजारी उभा राहिला आणि पाटीकडे बघून बोलायला लागला.

“मला एक सांगायचंय. तुम्ही काम थांबवू नका, नाहीतर मला जमणार नाही.”

पेचकस फिरता फिरता थांबला, मग पुन्हा फिरायला लागला.

“तुम्ही जाऊ नका असं मी म्हणणार नाही. तुम्हाला तिथे शिकायचंय, तुम्ही जायलाच हवं. सहा तास तर लागतात बसने. मी येत जाईन. पण... म्हणजे... तुम्ही मला आवडता. नुसत्या आवडता असं नाही. हे शनिवार, ही शिडी, तुमचं ते ‘हं’... हे सगळं मला जन्मभर हवंय. तुमच्या मनात तसं काही आहे का? असेल तर मी कितीही थांबेन. नसेल तर... तसं सांगा. मी समजून घेईन.”

 उत्तर भाचीजवळ तयार होतं, किती दिवसांपासून तयार होतं. पण ओठांत चार स्क्रू होते. एका हातात पेचकस आणि दुसऱ्या हाताने धरलेला डी, सोडला तर तो खाली. ती “उं... उं...” एवढंच म्हणाली. आता हे ‘हं’ होतं का ‘उंहूं’, ते देवालाच माहीत.

तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला. “या, या, हे बघा मशीन. तीस वर्षांत एकदाही रुसलं नाही.” मशीन बघायला गिऱ्हाईक आलं होतं.

ग्रंथपाल दोन पावलं मागे सरला. “घाई नाही,” तो कसाबसा म्हणाला. “शनिवारपर्यंत सांगा. आणि या शनिवारची अक्षरं तुम्हीच ठरवा. माझं डोकं काही चालत नाहीये.” आणि तो गेला.

भाचीने स्क्रू तळहातावर काढले. ओल्या, गरम स्क्रूंकडे ती बघत राहिली.

शुक्रवारभर तिने विचार केला. उत्तराचा नव्हे, ते द्यायचं कसं याचा. जाऊन तोंडाने सांगायचं? नुसत्या कल्पनेनेच तिची जीभ टाळ्याला चिकटत होती. चिठ्ठी लिहायची? तिचं हस्ताक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मग तिला आठवलं, आपल्याला येतं काय? अक्षरं लावता येतात. आणि या शनिवारची अक्षरं आपणच ठरवायची आहेत.

शनिवारी उजाडताच ती वाचनालयाच्या दाराशी गेली आणि तीन आकड्यांवर तीन अक्षरं टांगली. वाय. ई. एस. जपून ठेवलेला तो एकुलता एक ई मधोमध. टिंब वर आहे ना, ते तिने दोनदा बघितलं. मग धावत घरी आली आणि पांघरुणाची घडी घालायच्या निमित्ताने पांघरुणात तोंड लपवून हसली.

साडेआठला मामी भाजी घेऊन आली. पिशवी ठेवायच्या आधीच तिने विचारलं, “कुणाला गं यस म्हणालीस?”

“कुणाला नाही. खेळ आहे तो.”

“हो का? भाजीवाली म्हणत होती, लग्न ठरलं वाटतं भाचीचं.”

मामा पेपराआड खोकले. त्या खोकल्यात हसू होतं, हे कुणालाही कळलं असतं.

भाची दुकानात जाऊन बसली. रिकामं दुकान, मशीनच्या जागी फरशीवर नुसता चौकोनी डाग, आणि टेबलावर कडा घासायला परत आणलेली खोक्यातली शेवटची अक्षरं. नऊ वाजले, दहा वाजले. अकराला पावलं वाजली आणि तिने पदर, म्हणजे ओढणी, उगाचच सारखी केली.

ग्रंथपाल दारात उभा. चेहरा फुललेला.

“सापडला!” तो म्हणाला.

भाचीने मान खाली घातली. “खरंच?”

“फोटोसिंथेसिस! चौदा अक्षरं! हायपरसेन्सिटिव्हिटी आधी सुचला होता, सोळाचा, पण त्याला दोन ई लागतात. आपल्याकडे एकच.”

भाचीने मान वर केली. फार सावकाश केली.

“तुम्ही... अक्षरं बघितलीत?”

“बघितली म्हणजे! सुंदर निवडलीत. वाय आधी घेतलात ना, तीच तर मेख आहे. लोक वाय शेवटी शोधतात.”

“आणखी काही नाही दिसलं?”

“आणखी?” तो गोंधळला. मग टेबलाकडे वळून भराभर अक्षरं गोळा करायला लागला. एक एच त्याच्या हातून दोनदा निसटला, पण भाचीला ते दिसलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे एव्हाना धुकं झालं होतं. “पी घेतला... एच दोन, ओ दोन, टी दोन... वाय, एन, आय... एस तीन. झालं. ई दारावरचा काढून घेतो.” क्षणभर तो थांबला. तिच्याकडे बघितलं.  “तुमची बस चारला, ना?”

“हं,” भाची म्हणाली. हे ‘हं’ त्याने याआधी कधी ऐकलेलं नव्हतं.

तो गेला. भाची बसून राहिली. आख्ख्या गल्लीने वाचलं. मामीने वाचलं, मामांनी वाचलं, शाळेची पायरी न चढलेल्या भाजीवालीनेसुद्धा कुणाकडून तरी वाचून घेतलं. आणि इंग्रजीच्या डिक्शनरीत झोपणाऱ्या या माणसाने वाचलं नाही? का वाचलं, आणि न वाचल्यासारखं केलं? गुरुवारी बोलून गेला आणि शुक्रवारी पस्तावला, असं तर नसेल? दुसरं कारण तिला सुचेना. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा संताप आला. आता दारावरचा तिचा ‘यस’ मोडून तो त्यातला ई काढणार होता. त्याच्या फोटोसिंथेसिससाठी!

जेवण तिला गेलं नाही. मामीने पोळीभाजी डब्यात भरून दिली, तिच्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि वर एक लाडू ठेवला. अडीच वाजता भाची दुकानाची किल्ली मामांना द्यायची म्हणून शटर ओढत होती.

“थांबा! थांबा... ओढू नका!”

तो रस्त्याच्या टोकापासून पळत येत होता. केस विस्कटलेले, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं, हातात पत्र्याचं अक्षर. शटरला धडकता धडकता थांबला. श्वास लागला होता.

“हा... हा तुमचाच ना?”

ई होता.

“त्या दिवशी अक्षर डोक्यावर पडलं होतं,” तो धापा टाकत म्हणाला. “आज... डोक्यात पडलं.”

 शटरचा दांडा भाचीने घट्ट धरून ठेवला होता.

“बाकीची तेरा अक्षरं भिंतीवर लावून झाली, मग मी शिडीवर चढून ई काढला. आजोबा पेपर घेऊन पायरीवर बसले होते. म्हणाले, ‘त्या पोरीने सकाळी सकाळी एवढं यस म्हटलंय, ते का मोडताय?’ मी म्हटलं, कुठलं यस? तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे असं बघितलं...” त्याने कपाळावर हात मारला. “अहो, मी वाय बघितला, ई बघितला, एस बघितला. तिन्ही मिळून शब्द होतो हे मला... चार अक्षरांच्या खाली मी बघतच नाही हो! आत्याचा नियम!”

“आणि सकाळी?” भाचीचा आवाज चिरका झाला. “सकाळी मला विचारता नाही आलं?”

“भीती वाटली. दोन दिवस झाले, तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, नाहीच म्हणायचंय तुम्हाला, पण मन मोडवत नाहीये. म्हणून मी शब्दाबद्दलच बडबडत राहिलो. शब्दाबद्दल बोलता येतं मला.” तो थांबला. आवाज एकदम खाली आला. “ते यस माझ्यासाठी होतं ना? की नुसती अक्षरं होती?”

भाचीने शटर सोडलं. त्याच्या हातातला ई घेतला, उलटून पाठीवरचं टिंब बघितलं, सुलट केला.

“तुला चौदाचाच सापडला,” ती म्हणाली.

“काय?”

“फिजिओथेरपिस्ट. पंधरा. वाय आहे, ई आहे, एस आहे, क्रमाने. आणि ई एकच. मोठ्या चौकातल्या दवाखान्याची पाटी, मी स्वतः कापलीये.”

तो बोटांवर मोजायला लागला. सातव्या अक्षरापाशी त्याचं बोट थांबलं. “तुम्ही मला ‘तुला’ म्हणालात?”

“हरलास तू,” भाची म्हणाली. आता ती हसत होती आणि गालांवरून पाणीही येत होतं, आणि दोन्ही पुसायला हात एकच मोकळा होता. “पिशवी उचल.”

त्याने पिशवी उचलली. दुसऱ्या हाताने तिचा मोकळा हात धरला. पेरांवर अक्षरं मोजणारी ती बोटं तिच्या बोटांत गुंतली आणि मोजायचं विसरली. दुकानावरच्या घराच्या खिडकीतून मामांचा खणखणीत आवाज आला, “बस चारची आहे! सहाची नाही!”

बसस्टँडवर जायच्या आधी दोघं वाचनालयावरून गेले. भाची शिडीवर चढली आणि ई पुन्हा मधल्या आकड्यावर टांगला. ग्रंथपालाने शिडी धरली. आजोबांनी पेपर खाली करून वाचलं, मान डोलावली आणि पान उलटलं.

मग बस आली, आणि ती गेली. खिडकीतून तिने हात हलवला तो बस वळेपर्यंत.

तीन आठवड्यांनी रविवारी ती परत आली तेव्हा वाचनालय बंद होतं, पण दार उघडं होतं. दारावर यस तसाच होता. आतल्या भिंतीवर फिजिओथेरपिस्ट लागला होता, आणि त्यात टीएच नंतर एका अक्षराची जागा रिकामी होती. स्वल्पविराम चुकला तरी जेवण न जाणाऱ्या या माणसाने तीन आठवडे असा फुटका शब्द भिंतीवर ठेवला होता.

“लोक काही म्हणत नाहीत?” तिने विचारलं.

“विचारतात. मी सांगतो, ई बाहेर आहे, महत्त्वाच्या कामावर.”

भाचीने पर्स उघडली. कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. नवा कोरा ई होता. नव्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तिने तो हाताने कापला होता. त्याने तो उलटून पाहिला. मागे, वरच्या बाजूला, तिने एक बारीक टिंब मारलं होतं.

“स्क्रू?” त्याने विचारलं.

ती नुसती हसली, ओठ मिटून, आणि शिडीकडे बोट दाखवलं. ओठांत आधीच चार धरले होते.

“हं?” तो म्हणाला.

“हं,” ती म्हणाली.